डार्क सुपरहिरोपट लहान मुलांना दाखवावेत का?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

आधी जुने धागे चाळले, पण 'मुलांनी टीव्ही किती वेळ बघावा' यावरच्याच चर्चा सापडल्या. मला विचारायचंय ते जरा वेगळं आहे, म्हणून नवा धागा.

मुलगा साडेसहा वर्षांचा. दप्तरावर बॅटमॅन, बाटलीवर बॅटमॅन, चादरीवर बॅटमॅन. सिनेमा मात्र एकही पाहिलेला नाही. जी काही माहिती आहे ती कार्टूनमधून आणि वर्गातल्या गप्पांतून. आता वर्गातल्या दोघातिघांनी २०२२ चा 'द बॅटमॅन' घरी पाहिलाय म्हणे, त्यामुळे हा रोज मागे लागलाय. नवऱ्याचं म्हणणं, "त्यात काय, मी शेजारी बसतो की."

मी तो आधी एकटीने पाहिला. सुरुवातीलाच अंधाऱ्या खोलीत एक मुखवटेवाला उभा आहे, आणि घरातल्या माणसाला पत्ताच नाही की आपल्या मागे कोणीतरी आहे. मग जे होतं ते होतं, आणि त्या माणसाच्या लहान मुलाला बाप मेलेला सापडतो. पुढे जवळपास तीन तास पाऊस, रात्र आणि कुढणारा नायक. सिनेमा म्हणून मला आवडला. पण तो बघताना एक क्षणही असं वाटलं नाही की हा माझ्या मुलाच्या दप्तरावरचाच माणूस आहे.

तर, तुम्ही कितव्या वर्षी दाखवलेत? दाखवल्यावर काय झालं? आणि 'सगळ्यांनी पाहिलाय' याला घरी काय उत्तर देता?

अर्धवट_झोप

बघू द्या की हो. आमच्या कन्येनं चौथ्या वर्षी माझ्या मांडीवर बसून अर्धा पाहिला आणि उरलेला अर्धा झोपून काढला. एवढा अंधार असतो त्यात की पोरांना काही दिसतच नाही :)

गंमत सोडा. पण आपण मुलांना फार कापसात गुंडाळून ठेवायला लागलोय असं माझं स्पष्ट मत. भीती वाटली तर वाटू दे. बापाच्या कुशीत बसून घाबरायला मिळणं ही चैन आहे. आणि तुम्ही नाही म्हणालात की तो मित्राच्या घरी बघणार, तिथे तुम्ही शेजारी नसणार.

चिमणचारा

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे मुलांनी काय पाहिलंय हे मला पालकांच्या आधी कळतं. खेळात सगळं बाहेर येतं.

कार्टून पाहणाऱ्या मुलांचा सुपरहिरोचा खेळ म्हणजे पळापळ, आरडाओरडा, धपाधप पडणं आणि लगेच उठणं. मेलेला माणूस दोन मिनिटांत पोलीस होऊन परत येतो. अंगाला ओरखडे येतात, पण खेळ हसत संपतो.

एका मुलाचा खेळ मात्र वेगळा होता. तो सगळ्यांना आडवं पाडायचा आणि उठू द्यायचा नाही. "उठायचं नाही, तू मेलास." कोणी उठलं की हा रडकुंडीला. खेळ पुढे जायचाच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू. आईशी बोलले तेव्हा कळलं की मोठ्या भावाबरोबर काहीतरी पाहिलंय. काय ते तिलाही नीट माहीत नव्हतं. तो मुलगा घरी अजिबात घाबरलेला दिसत नव्हता हे मुद्दाम सांगते. रात्री झोपत होता, जेवत होता. म्हणून "आमच्या पोराला काही झालं नाही" हे वाक्य मी जरा जपून ऐकते.

अर्धवट_झोप

@चिमणचारा, टोला पोचला :) पण आमची खरंच झोपली होती हो.

फ्रेमबाहेर

या विषयावर बोलायला मी टपूनच बसलो होतो, त्यामुळे लांबण लागेल. सहन करा.

पहिली गोष्ट, हे भांडण नवं नाही. बॅटमॅन १९३९ चा. आईवडिलांचा डोळ्यांदेखत झालेला खून ही त्याची जन्मकथा त्याच वर्षी छापून आली. म्हणजे अंधार मुळातच आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्स मुलांना बिघडवतात अशी ओरड इतकी वाढली की प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली करून घेतली. त्यानंतर नायक इतके सोवळे झाले की १९६६ च्या टीव्ही मालिकेत बॅटमॅन जवळजवळ विनोदी पात्र झाला. १९८६ च्या सुमारास पुन्हा लंबक फिरला, मोठ्यांसाठीची काळीकुट्ट कॉमिक्स आली, आणि सिनेमे त्याच वाटेने गेले.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. अमेरिकेत 'पीजी-१३' (तेरा वर्षांखालच्यांबाबत पालकांनी सावध राहावं) हा वर्ग १९८४ मध्ये आला, कारण मुलांचे म्हणून खपलेल्या एकदोन सिनेमांतली दृश्यं पाहून पालक खवळले होते. आज मोठ्या स्टुडिओचा जवळजवळ प्रत्येक सुपरहिरोपट याच वर्गात बसवतात. त्यासाठीची युक्ती सोपी आहे: रक्त दाखवायचं नाही. २००८ चा 'द डार्क नाईट' बघा. एक माणूस पेन्सिलीने मारला जातो, पण जखम दिसत नाही. समोरच्याच्या तोंडात चाकू घालून खलनायक जोकर गोष्ट सांगतो, आणि कापायच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे. रक्त जवळजवळ नाहीच, म्हणून पीजी-१३. ब्रिटनमध्ये त्याला '१२ए' दिलं, म्हणजे मोठं माणूस सोबत असेल तर बारा वर्षांखालच्यांनाही प्रवेश. तिथल्या सेन्सॉर मंडळाकडे त्या वर्षी सगळ्यात जास्त तक्रारी याच सिनेमाबद्दल गेल्या.

धागाकर्तीने सांगितलेल्या २०२२ च्या सिनेमाला अमेरिकेत पीजी-१३ आहे, ब्रिटनमध्ये थेट '१५'. म्हणजे तिकडे चौदा वर्षांच्या मुलालाही थिएटरात सोडणार नाहीत, आईबाप सोबत असले तरी. सिनेमा तोच, माणसं तीच.

शंकासुर

आणि आपल्याकडे यूए. 'पालकांनी बघून घ्यावं.' म्हणजे मंडळाने हात झटकले.

फ्रेमबाहेर

अगदीच तसं नाही आता. १९८३ पासून एकच यूए होता, बारा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं एवढाच त्याचा अर्थ. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झालेत. पण हे पालकांसाठीच आहे. यूए १६+ असलेल्या सिनेमाला सहा वर्षांचं मूल घेऊन गेलात तर दारावरचा माणूस अडवणार नाही. अडवतात ते फक्त 'ए'ला. २०१९ चा 'जोकर' आपल्याकडे 'ए' होता.

अवांतर: २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये आपल्या मंडळाने चुंबनाला कात्री लावली. ठोसे सगळे शाबूत.

शंकासुर

म्हणजे ओठ लागले तर मूल बिघडेल, दात पडले तर चालेल. छान.

निळीशाई

मी मुलांच्या समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. इथे कोणाला सल्ला द्यायला आलेली नाही, पण या विषयावरचा एक फार सुंदर प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तो नेमका सुपरहिरोचाच आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत 'द इनक्रेडिबल हल्क' ही मालिका लागायची. पालकांच्या लक्षात आलं की अगदी लहान मुलं तिला विलक्षण घाबरतात. मोठ्यांना कोडं पडलं, कारण हल्क तर चांगला! तो लोकांना वाचवतो. जोआन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या मुलांना मालिकेतला एक भाग दाखवून पाहिलं. बालवाडीच्या वयाची मुलं सगळ्यात जास्त कधी घाबरली? संकट आलं तेव्हा नाही, तर साधा माणूस हिरवा राक्षस होतो त्या रूपांतराच्या वेळी. मोठ्या मुलांना ते दृश्य सुटकेचं वाटलं, कारण आता हा येऊन वाचवणार हे त्यांना ठाऊक होतं.

यातून जे निघालं ते पुढेही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावर घाबरतं. विद्रूप चेहरा, मुखवटा, अचानक बदललेला आवाज. तो माणूस मनाने चांगला आहे ही माहिती त्याच्या उपयोगाची नसते. आठनऊनंतर उलटं होऊ लागतं. राक्षस, भुतं यांची धास्ती ओसरते आणि 'हे खरंच होऊ शकतं' अशा गोष्टींची वाढते: चोर, अपहरण, आईबाबांचं मरण.

आता डार्क सुपरहिरोपट या दोन्हीच्या मधोमध येऊन उभे राहतात ही खरी अडचण आहे. मुखवटे आणि रंगवलेले चेहरे धाकट्यांना घाबरवतात, आणि वास्तवाजवळ जाणारी गोष्ट थोरल्यांना. तीन तासांचा कंटाळवाणा पाऊस चार वर्षांच्या मुलीला झोपवेलही (@अर्धवट_झोप, तुमचं निरीक्षण खरं असणार), पण दहा वर्षांच्या मुलाला तोच सिनेमा आठवडाभर छळू शकतो.

अर्धवट_झोप

म्हणजे मी ज्या वयात दाखवला तेच बरं होतं, आणि ज्या वयात बिनधास्त दाखवीन तेव्हा घोटाळा? हे उलटंच निघालं.

निळीशाई

अगदी तसं नाही हो, झोपली नसती तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण 'मोठा झालाय, आता काही नाही होत' हे गृहीत धरू नका एवढंच.

आणि हो, लहान मुलाला "ते खोटं आहे रे, सिनेमा आहे" असं सांगून फारसा उपयोग होत नाही. त्या वयात आधार शरीराचा लागतो: जवळ घेणं, आवडतं पांघरूण, दिवा लावणं, टीव्ही बंद करणं. समजावून सांगणं आठनऊनंतर कामी येतं. बहुतेक पालक नेमकं उलट करतात, कारण समजावणं आपल्याला सोपं जातं.

आजोबांचा_चष्मा

मंडळी, इतका वेळ वाचत होतो. तुमचं सगळं शास्त्रोक्त आहे, पण एक विचारू? नरसिंहाने उंबऱ्यावर बसून हिरण्यकश्यपूचं पोट फाडलं, आतडी बाहेर काढली, ही गोष्ट मी पाच वर्षांचा असताना आजीच्या तोंडून ऐकली. पूतनेच्या दुधात विष होतं. भीमाने दुःशासनाची छाती फोडली. अर्धा माणूस अर्धा सिंह, याहून मोठं रूपांतर कोणतं? आमच्यापैकी कोणी समुपदेशनाला गेलं नाही. मग हॉलिवुडनेच काय घोडं मारलंय?

चिमणचारा

काका, हा मुद्दा कोणीतरी काढणार हे माहीत होतं आणि तुम्हीच काढलात ते बरं झालं :)

गोष्ट सांगणारी आजी नातवाच्या तोंडाकडे बघत असते. डोळे मोठे झाले की ती आतडी गाळते आणि प्रल्हादाकडे वळते. तोच नातू दोन वर्षांनी "आतड्यांचं सांग" म्हणाला की सांगते. सिनेमा थिएटरातल्या कोणत्या मुलाच्या तोंडाकडे बघतो? शिवाय ऐकलेल्या गोष्टीतला सिंह मूल स्वतः काढतं, त्याला झेपेल तेवढाच भयंकर. पडद्यावरचा आयता येतो, शंभर माणसांनी मिळून जास्तीत जास्त भयंकर केलेला.

आजोबांचा_चष्मा

मान्य. पण आमच्या देवघराशेजारी नरसिंहाचा छापील फोटो होता, मांडीवर राक्षस आणि हात कोपरापर्यंत लाल. तो आयताच होता की.

निळीशाई

काका, फोटो हलत नाही, आणि गुरगुरत नाही. नको वाटलं तर मान फिरवता येते. थिएटरात कान कुठे फिरवणार? मुलं हातांनी डोळे झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतात, पण खालून येणारी घरघर छातीत बसते. म्हणूनच मी घरच्या छोट्या पडद्याच्या बाजूची आहे. आवाज कमी, दिवा चालू, थांबवायचं बटण हातात. थिएटरात मधूनच उठायचं तर पालकांनाच लाज वाटते आणि ते "झालंच आता, पाच मिनिटं" करत बसतात.

तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट मात्र फार खरी आहे. त्या कथांचा शेवट पक्का असतो. राक्षस मेला, प्रल्हाद वाचला, गोष्ट संपली, झोपा. डार्क सिनेमाची ख्यातीच मुळी 'शेवटी कोण बरोबर हे सांगता येत नाही' यासाठी असते. मोठ्यांना ती चव आवडते. सहा वर्षांच्या मुलाला वाईट माणूस हरला का, एवढंच विचारायचं असतं आणि त्याला उत्तर मिळत नाही.

मधलीसुट्टी

रक्त, मुखवटे वगैरे सगळं ठीक, पण आमच्याकडे अडकलं ते भलतीकडेच.

मुलगा पाच वर्षांचा. दीराच्या घरी सगळे मोठे 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन' लावून बसले होते, हा मध्ये लुडबुडत होता. त्याची सुरुवातच आईवडिलांच्या खुनाने आहे. सिनेमा बघून रस्त्यावर येतात, मुलगा सोबत, आणि गोळ्या. मोत्यांची माळ तुटते. आम्ही लगेच त्याला उचलून आत नेलं. रडला नाही, काही नाही. विसरला असं वाटलं.

नंतर त्याच्या आवडीचा एक अगदी साधा, प्राण्यांचा सिनेमा बघायला थिएटरात गेलो. मजेत बघितला. संपला तसा हा खुर्चीला चिकटला. बाजूच्या दारातून बाहेर पडायलाच तयार नाही. ओढत नेलं तर दारात आडवा. मग हळूच म्हणाला, "सिनेमा संपला की बाहेर मारतात ना आईबाबांना?"

त्याच्यासाठी नियम ठरून गेला होता. आम्ही दोघं कुठेही एकत्र निघालो की "सिनेमाला नाही ना?" हा प्रश्न कितीतरी महिने ऐकला. आणि हे सगळं जेमतेम दोन मिनिटांच्या दृश्याने केलं, ज्यात सर्टिफिकेटवाल्यांना आक्षेपार्ह असं काहीच नाही.

कोरीपाटी

@मधलीसुट्टी, अंगावर काटा आला. याला जन्मकथा कार्टूनमधून माहीत आहे, "त्याचे आईबाबा नाहीत" एवढंच. मीही ते सहज सांगून टाकलं होतं.

धूमकेतू

मी अकरावीत आहे, त्यामुळे मुलांच्या बाजूने बोलतो. तुम्ही लोक मारामारीचा फार विचार करता. आम्हाला मारामारीचं काही वाटत नाही. आवडतं माणूस मरतं त्याचं वाटतं.

'इन्फिनिटी वॉर' २०१८ मध्ये आला तेव्हा मी चौथीत होतो आणि बहीण पाच वर्षांची. सगळे घरचे गेलो. शेवटी अर्धे हिरो धूळ होऊन उडतात. स्पायडरमॅन "मला जायचं नाहीये" म्हणत उडतो. थिएटरात सन्नाटा, आणि माझी बहीण मोठ्याने, "थांबवा ना कोणीतरी!" लोक हसले. ती नाही हसली.

आम्हाला माहीत होतं पुढचा भाग येणार. पण तो वर्षभराने येणार होता, आणि पाच वर्षांच्या मुलीला वर्षभर म्हणजे काय ते कळत नाही. तिच्यासाठी तो मेला. स्पायडरमॅनचं पांघरूण तिने माझ्या पलंगावर आणून टाकलं, "हे तू घे" म्हणाली. मग जानेवारीत स्पायडरमॅनच्याच पुढच्या सिनेमाचा ट्रेलर आला आणि मी तो तिला दाखवला. तोच ट्रेलर तिने मला इतक्यांदा लावायला लावला की मला पाठ झाला. पुढच्या भागात, 'एंडगेम'मध्ये, तो परत येतो ते बघायच्या आधीच तिचं पांघरूण तिच्याकडे परत गेलं होतं.

तर माझा सल्ला: शेवट फोडा. लहान मुलांना स्पॉयलर द्या. त्यांना सस्पेन्स नको असतो, तो वाचतो का हे आधी सांगा.

निळीशाई

@धूमकेतू, हे पालकांच्या सभेत सांगायला यायला हवं तुला. शेवट माहीत असला की भीती निम्म्याने उतरते, आणि मुलं तीच गोष्ट पन्नासदा ऐकतात ती यासाठीच.

शंकासुर

सगळं रडगाणं चाललंय म्हणून उलट बाजू. भीतीची चर्चा झाली, मुलं नक्कल करतात हा मुद्दा कोणी काढला नाही. २०१७ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या सारा कॉइन यांचा अभ्यास आला होता. सुपरहिरोंच्या नादी लागलेली बालवाडीतली मुलं वर्षभराने जास्त दांडगाई करताना दिसली, आणि दुबळ्याच्या मदतीला धावून जाणं मात्र काही वाढलं नाही. पेपरांत लगेच 'सुपरहिरो मुलांना गुंड बनवतात'. पण मुळात दांडगट मुलांनाच सुपरहिरो जास्त आवडत असतील तर? असे अभ्यास नातं दाखवतात, कारण नाही. म्हणून मी तरी बावरून जाणार नाही.

चिमणचारा

बावरू नका, पण निकाल मला तरी पटतो. मूल ठोसा उचलतं, कारण ठोसा दिसतो. नायकाने ठोसा का मारला हे त्याला दिसत नाही. "मी वाईट माणसाला मारलं" म्हणतं, आणि तो वाईट माणूस म्हणजे ज्याने याची घसरगुंडी अडवली तो. हे रंगीत, हसऱ्या सुपरहिरोंनीही होतं, डार्कच हवेत असं नाही.

फ्रेमबाहेर

यावरून आठवलं. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ लहान मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम करायचे. १९८० मध्ये त्यांनी पूर्ण आठवडा सुपरहिरोंवर केला. कॅमेरा घेऊन ते चक्क 'हल्क'च्या सेटवर गेले, आणि लू फेरिग्नो या नटाला हिरवा रंग फासतात ते दाखवलं. वरच्या प्रयोगातला तोच हल्क! घाबरू नका असं न सांगता रंगाचा डबा दाखवला.

आणि धंद्याची बाजू. १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स' आठवतो? काळी लाळ गाळणारा खलनायक पेंग्विन, नाक चावणारा. त्याची खेळणी एका बर्गरच्या साखळीत मुलांच्या जेवणाबरोबर वाटली जात होती. पालक भडकले. स्टुडिओने पुढच्या, १९९५ च्या सिनेमाला दिग्दर्शक बदलला आणि रंगीबेरंगी दिवे लावले. आजही तेच चाललंय: सिनेमा पंधरा वर्षांच्यासाठी, दप्तर सहा वर्षांच्यासाठी. @कोरीपाटी, तुमचा मुलगा हट्टी नाहीये. त्याला रीतसर आमंत्रण गेलंय, फक्त दारावर 'तू नाही' लिहिलंय.

अर्धवट_झोप

हे मात्र एकशे एक टक्के. +१

मधलीसुट्टी

कोणाला उपयोग होईल म्हणून: 'कॉमन सेन्स मीडिया' या साइटवर कितव्या वर्षापासून चालेल ते कारणांसह असतं, शिवाय पालकांची आणि मुलांची मतं वेगवेगळी. 'डझ द डॉग डाय' नावाची आणखी एक साइट आहे. कुत्रा मरतो का, आईवडील मरतात का, जोकरचा चेहरा आहे का, झगमगते दिवे आहेत का, असे शेकडो प्रश्न आणि लोकांनी दिलेली हो-नाही उत्तरं. ती आधी पाहिली असती तर आमचे महिने वाचले असते.

झगमगत्या दिव्यांवरून: अपस्मार असलेल्या मुलांच्या पालकांनी हे जरूर बघा. 'इनक्रेडिबल्स २' हा मुलांचाच सिनेमा, पण त्यातल्या लखलखत्या दृश्यांमुळे २०१८ मध्ये थिएटरांत इशारे लावावे लागले होते.

कोरीपाटी

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं.

सध्या तरी तो सिनेमा नाही. 'लेगो बॅटमॅन' लावणार आहोत. @फ्रेमबाहेर, त्यात तो अनाथ असण्याची गोष्ट आहे ना? ती कशी आहे?

फ्रेमबाहेर

आहे, पण गोळ्या, खून काही दाखवत नाहीत. घरातल्या फोटोतल्या आईबाबांशी तो बोलतो एवढंच. गोष्ट सगळी याचीच आहे की एकटा बॅटमॅन पुन्हा कुणाला आपलं म्हणायला घाबरतो. साडेसहाला झेपेल, आणि हसेलही. मोठ्यांसाठी जुन्या सगळ्या सिनेमांच्या टोप्या उडवल्यात ते वेगळंच. 'स्पायडर-व्हर्स'चा पहिला भाग (२०१८) मात्र लगेच लावू नका. अप्रतिम आहे, पण त्यात काकाचं मरण अगदी जवळून येतं. आठनऊला बघा.

चिमणचारा

आणि वर्गातल्या दोघातिघांचं म्हणाल तर, त्यांनी पूर्ण पाहिला असेल याची मला शंका आहे. माझ्या वर्गात 'मी पाहिलाय' म्हणणाऱ्यांना गोष्ट विचारली की ट्रेलरच्या पुढे कोणी जात नाही. नवी बॅटमोबाइल कशी आहे हे तुमच्या मुलाला चित्रांतून दाखवा, त्याची गप्पांतली सोय होते. बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

शंकासुर

जाता जाता माझाही प्रश्न. भाचा दहाचा, त्याला 'जोकर' बघायचाय. "मामा, जोकर तर बॅटमॅनचाच ना?" म्हणतो. थिएटरात सोडणार नाहीत, पण घरी ॲपवर सहज लागतो.

निळीशाई

नको. तो सुपरहिरोपटच नाही, फक्त नाव तिथलं आहे. एकटा, आजारी, सगळ्यांनी हिणवलेला माणूस हळूहळू खुनी होतो आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. दहाव्या वर्षी हे 'खरंच होऊ शकतं' या खात्यात जातं. ॲपमध्ये मुलांचं वेगळं प्रोफाइल करून वयाची मर्यादा लावता येते, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन ठेवता येतो. बहिणीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. पिन तिच्या वाढदिवसाचा ठेवू नका म्हणावं, दहा वर्षांच्या पोरांना तो पाठ असतो.